वाचकाचे मत आणि बहुश्रुताची पाच लक्षणे

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, महाराष्ट्रातील कितीतरी विहारांत सायंकाळी ग्रंथवाचन होते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचे क्रमशः वाचन हा त्यातील मुख्य भाग. एक जण वाचतो, इतर ऐकतात आणि शेवटी वंदना होऊन मंडळी पांगतात. ह्या वाचनाच्या जोडीला आपल्यात आणखी एक चांगली रीत रुजत आहे. उपासक-उपासिकांनी आपण नुकतेच वाचलेले एखादे पुस्तक हाती घ्यावे आणि त्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी ती रीत. कोणी आत्मकथन आणतो, कोणी कवितासंग्रह, कोणी चरित्र, कोणी इतिहास, तर कोणी सुत्तपिटकातील एखाद्या ग्रंथाचा अनुवाद. ह्या रीतीचे मनापासून स्वागत करून, तिच्यातून जी मते व्यक्त होतात त्यांची थोडी परखड तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे लिहिताना डोळ्यांपुढे विरार पूर्वेच्या चंदनसारसारखी वस्ती आहे. मुंबईतील चाळी आणि झोपडपट्ट्या अपुऱ्या पडू लागल्या तशी असंख्य श्रमिक कुटुंबे उत्तरेकडे वसई-विरारच्या पट्ट्यात सरकली. त्यांच्या बिऱ्हाडाबरोबर भिंतीवरच्या तसबिरी आल्या, तशीच ट्रंकेतली पुस्तकेही आली. इथला नोकरदार वाचक पहाटेची लोकल पकडतो आणि जमल्यास उभ्या उभ्या चार पाने वाचतो. त्याला ग्रंथालयाची चैन नाही, समीक्षेच्या परिभाषेचीही सवय नाही. पण त्याचे वाचन हौसेखातर चाललेले नसते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या हातातले प्रत्येक पुस्तक हे एक मिळवलेले हक्कपत्र असते. म्हणूनच त्या वाचकाच्या मताची आपण गंभीरपणे दखल घेतली पाहिजे. गंभीरपणे दखल घेणे म्हणजे त्याला केवळ टाळ्या देणे नव्हे.

आपल्या बैठकांत ऐकू येणाऱ्या मतांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. पहिला प्रकार वंदनेचा. पुस्तक थोर आहे, लेखक थोर आहे, प्रत्येकाने ते घरी ठेवावे, येथे मत संपते. दुसरा प्रकार गोषवाऱ्याचा. पहिल्या प्रकरणात काय आहे, दुसऱ्यात काय आहे, हे क्रमाने सांगितले जाते आणि वेळ संपल्याची सूचना येते. तिसरा प्रकार अश्रूंचा. वाचताना रडू आले, रात्रभर झोप लागली नाही, असे वाचक प्रांजळपणे सांगतो. चौथा प्रकार निवाड्याचा. पुस्तक चळवळीच्या उपयोगाचे आहे किंवा नाही, एवढे ठरवून ते स्वीकारले वा बाजूला सारले जाते. ह्या चारही प्रकारांत काही ना काही सत्य आहे. परंतु ह्यांपैकी एकाही प्रकारात वाचकाने पुस्तकाला प्रश्न विचारलेला नसतो आणि पुस्तकानेही वाचकाला कोठे अडवलेले नसते. मत म्हणजे पसंतीची पावती अशी जी समजूत होऊन बसली आहे, ती येथे आडवी येते.

बहुश्रुत कोणाला म्हणावे?

वाचक हा शब्द मुद्रणकाळातला. बुद्धकाळात ग्रंथ कंठात होता, त्यामुळे विद्वानासाठी पालीत शब्द आहे 'बहुस्सुत', म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा. मात्र पुष्कळ ऐकले एवढ्याने कोणी बहुश्रुत ठरत नाही. सुत्तांत बहुश्रुताचे वर्णन करताना पाच गोष्टी क्रमाने येतात. धम्म त्याने ऐकलेला असतो, तो 'सुता'. तो त्याने धारण केलेला असतो, तो 'धता'. वाणीने त्याचा परिचय केलेला असतो, तो 'वचसा परिचिता'. मनाने तो पुन्हा पुन्हा तपासलेला असतो, तो 'मनसानुपेक्खिता'. आणि अखेर सम्यक दृष्टीने तो नीट भेदलेला असतो, तो 'दिट्ठिया सुप्पटिविद्धा'.

हा क्रम आजच्या वाचकालाही जसाच्या तसा लागू पडतो. पुस्तक वाचले ही पहिली पायरी. त्यातले लक्षात राहिले ही दुसरी. चार लोकांपुढे उभे राहून ते सांगता आले ही तिसरी. आपल्या बैठका बहुधा ह्या तिसऱ्या पायरीवर थांबतात. पाठ झालेले आणि म्हणून दाखवलेले यांनाच आपण मत समजतो. वास्तविक मताचा आरंभ चौथ्या पायरीवर होतो. वाचलेले मनात घोळवणे, उलटेसुलटे करून पाहणे, अनुभवाशी आणि दुसऱ्या वाचलेल्याशी ताडून पाहणे, ही ती पायरी. पाचवी पायरी आचरणाची आणि दृष्टीची आहे. ती प्रत्येकाला आपल्या बळावर चढावी लागते. चौथी मात्र आपण एकमेकांच्या साहाय्याने चढू शकतो आणि विहारातील बैठकीचे खरे प्रयोजन तेच आहे.

चंदनसारच्या वाचकाला ह्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शेजारचे सोपारा म्हणजे पाली वाङ्मयातील सुप्पारक. तेथल्या समुद्रकाठी राहणाऱ्या बाहिय दारुचीरियाची कथा 'उदान' ह्या ग्रंथात आली आहे. लोक त्याला अर्हत मानून मान देत होते आणि त्यालाही आपण अर्हत झालो असे वाटू लागले होते. ते खरे नसल्याचे कळताच मिळणारा मान सोडून तो थेट श्रावस्तीला गेला. तथागत भिक्षाटनाला निघाले होते. ही वेळ नव्हे, असे त्यांनी दोनदा सांगितले, तरी बाहियाने तिसऱ्यांदा विचारले. त्याला मिळालेला उपदेश अगदी थोडक्यात होता: जे पाहिले त्यात पाहिलेलेच असावे, जे ऐकले त्यात ऐकलेलेच असावे, आपल्या मनाची भर त्यात घालू नये. शीघ्र आकलन करणाऱ्यांत पुढे तथागतांनी त्याला अग्रस्थान दिले. वाचकाच्या दृष्टीने ह्या कथेत दोन गोष्टी आहेत. मान्यता मिळाल्यावरही त्याने प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळाले ते नीट पाहण्याविषयी, नीट ऐकण्याविषयी मिळाले. पुस्तकात जे आहे ते आधी पाहा, आपल्याला हवे ते त्यात घालू नका, ही समीक्षेचीही पहिली अट आहे.

दोन ग्रंथ समोरासमोर

मत कसे जन्माला येते ह्याचे आपल्या परंपरेतले सर्वांत मोठे उदाहरण बाबासाहेबांच्या बालवयातले आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. हे चरित्र १८९८ साली प्रसिद्ध झाले होते. ह्या भेटीचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो आणि तो सहसा भेटीवरच थांबतो. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तो स्वतः सांगितला आहे. वडील घरात रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. बुद्धचरित्र वाचल्यानंतर मुलाच्या मनात प्रश्न उभा राहिला की ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची अवनती पुन्हा पुन्हा सांगणारे हे ग्रंथ आपण का वाचावेत? त्याने तो वडिलांना विचारला. वडिलांना प्रश्न रुचला नाही, तरी तो मिटला नाही.

ह्या प्रसंगात समीक्षेचे सारे तत्त्व आले आहे. रामायण-महाभारत तो मुलगा आधीही वाचत होता. त्यांच्याविषयीचे मत मात्र तयार झाले ते तिसरेच पुस्तक शेजारी येऊन बसल्यावर. एकटे पुस्तक वाचकाला आपल्या ओघात घेऊन जाते. दुसरे पुस्तक त्याला काठावर उभे करते. म्हणून बैठकीत बोलणाऱ्या प्रत्येकाला मी एकच आग्रह करू इच्छितो की एक पुस्तक आणू नका, दोन आणा, आणि शक्यतो निराळ्या वाङ्मयप्रकारांतली आणा. हा आग्रह किती फलदायी ठरू शकतो, हे आपल्या वाचकांच्या हाती नेहमी असणाऱ्या काही पुस्तकांवरून पाहू.

आत्मकथन : जे सांगितले आणि जे राहिले

आपल्या बैठकांत सर्वाधिक आणली जातात ती आत्मकथने. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली ग्रंथाली ह्या वाचक चळवळीने प्रसिद्ध केले. पाठोपाठ १९८० साली लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' तेथूनच आले. 'बलुतं' प्रसिद्ध झाले तेव्हा आपल्याच समाजातील पुष्कळांना ते बोचले. झाकून ठेवावे ते चव्हाट्यावर का आणले, हा त्यांचा आक्षेप होता. आज तो आक्षेप मावळला आहे आणि त्याची जागा गौरवाने घेतली आहे. परंतु आक्षेप घेणारा वाचक निदान पुस्तकाशी झगडत होता, गौरव करणारा तेही करीत नाही.

'बलुतं'ची रचना पाहा. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार ह्या शिकलेल्या माणसाला सांगतो आहे. एकाच माणसाचे हे दोन भाग एकमेकांपुढे बसले आहेत. शिक्षणाने आपल्यात जी दुफळी पडते, गावकुसाबाहेरचा मी आणि कचेरीतला मी, ती ह्या रचनेत उतरली आहे. बैठकीत कावाखान्याचे दारिद्र्य सांगितले जाते, येसकरपाळीची हलाखी सांगितली जाते, ही दुफळी मात्र क्वचित सांगितली जाते. पुढे निवेदक आपल्या पत्नीविषयी, सईविषयी, मनात शिरलेल्या संशयाची आणि तिला टाकल्याची हकीगत सांगतो. तो स्वतःला फारसे वाचवत नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे गमक. तरीही सईला काय म्हणायचे होते, हे त्या पुस्तकात नाही आणि असूही शकत नाही.

येथे शेजारी ठेवावे बेबीताई कांबळे ह्यांचे 'जिणं आमचं'. हे लेखन प्रथम 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातील सासुरवाशिणींचे जगणे, पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात अडकवला जाणारा लाकडी खोडा, अंधश्रद्धांचा विळखा आणि बाबासाहेबांच्या हाकेने त्यातून बाहेर पडलेल्या बाया, हे सारे त्यात आहे. जातीने पुरुषाला चिरडले आणि त्या पुरुषाने घरात बाईला चिरडले, हे बेबीताई आडपडदा न ठेवता लिहितात. त्यांच्या निवेदनात 'मी' थोडा आहे आणि 'आम्ही' मोठा आहे. दुकानात पुडी बांधायला आलेल्या रद्दीचे कागद त्या वाचत आणि आपले लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरात लपवून ठेवले होते, हे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. पतीकडून झालेल्या मारहाणीविषयीही त्या तेथे बोलल्या, पुस्तकात मात्र तो भाग त्यांनी येऊ दिला नव्हता. का येऊ दिला नसेल? चळवळीच्या अब्रूसाठी, की स्वतःच्या? ह्या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, आणि म्हणूनच तो बैठकीत विचारला गेला पाहिजे. दोन आत्मकथने शेजारी ठेवताच सईचे मौन आणि बेबीताईंचे मौन एकमेकांशी बोलू लागतात. एकेकट्या पुस्तकाच्या गौरवात हे ऐकू येत नाही.

कथा आणि कविता : शब्दाला अडखळणे

कथा-कवितेला आपल्या बैठकांत वेळ कमी मिळतो. त्यात माहिती नसते, असा एक समज आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो, राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड होताच मार खातो. गाडी, नोकरी, भाड्याची खोली आणि आडनाव ह्या चार गोष्टी आजही आपल्या वाचकाच्या रोजच्या आयुष्यात आहेत. खोली पाहायला गेल्यावर आडनाव विचारले जाते तेव्हा आपण काय सांगतो? कथेतल्या तरुणाने जे केले त्याला भ्याडपणा म्हणावे, चतुराई म्हणावे, की चोरी हा शब्दच मुळात कोणावर आरोप करतो ते पाहावे? इतिहासाचे पुस्तक हा प्रश्न विचारीत नाही, कथा विचारते.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकरांसारख्या मुरब्बी लेखकालाही त्यातील कितीतरी शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले आणि त्यांनी ते प्रांजळपणे नोंदवले. ह्याउलट आपल्याकडे ढसाळांच्या कवितेतील चार धगधगत्या ओळी घोषणेसारख्या म्हटल्या जातात आणि उरलेली कविता शिवराळ म्हणून न वाचता सोडली जाते. शब्द अडला की तेथे थांबून विचारणे, ह्यात वाचकाला कमीपणा नाही. पुष्कळदा जिथे शब्द अडतो तिथेच कवितेचा दरवाजा असतो. कविता आवडली नाही असे म्हणण्याचा अधिकारही वाचकाला आहे, फक्त कोणत्या ओळीपाशी आणि का, हे त्याने सांगावे.

चरित्र : कोण सांगतो आहे?

बाबासाहेबांची चरित्रे बैठकीत येतात ती जणू एकच चरित्र असल्यासारखी. धनंजय कीरांचे इंग्रजी चरित्र १९५४ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच प्रसिद्ध झाले आणि १९६६ साली ते मराठीत आले. चांगदेव भवानराव खैरमोडे ह्यांच्या बृहद् चरित्राचा पहिला खंड १९५२ सालचा, आणि त्यांच्या निधनानंतरही खंड निघत राहिले. कीर हे व्यासंगी चरित्रकार. त्यांनीच १९५० साली सावरकरांचे चरित्र लिहिले होते. एकाच लेखणीने दोन परस्परविरोधी जीवनध्येयांकडे पाहिले, तर त्या पाहण्याचा साचा कोणता, हा प्रश्न कीरांच्या वाचकाला पडायला हवा. खैरमोडे चळवळीच्या आतले. त्यांनी पत्रे, हकिगती, आठवणी अपार कष्टाने जमवल्या. आतल्या माणसाला जे दिसते ते बाहेरच्याला दिसत नाही, आणि आतल्या माणसाला जे नेहमीचे वाटते ते कधी कधी नोंदवायचे राहून जाते.

ह्या दोहोंच्या शेजारी आणखी एक पुस्तक ठेवावे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत राबलेल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन ते लिहिले गेले. सभा, परिषदा, सत्याग्रह, वसतिगृहे ह्यांचे काम कोणाच्या हातांनी उभे राहिले हे त्यात दिसते. मोठ्या चरित्रांत ज्या सभेची तारीख आणि ठराव मिळतात, त्याच काळातल्या सभेला लेकरू काखेत घेऊन चालत आलेली बाई ह्या पुस्तकात मिळते. चरित्र वाचून आपण नेत्यापुढे नतमस्तक होतो आणि हे पुस्तक वाचून आपल्या आजीकडे नव्याने पाहतो. दोन्ही आवश्यक आहेत.

संशोधन आणि धम्मग्रंथ : बाबासाहेबांचे वाचकाला निमंत्रण

आता सर्वांत नाजूक मुद्दा. बाबासाहेबांच्या ग्रंथांविषयी मत कसे द्यावे? बहुतेक वाचक येथे मौन पाळतात आणि त्या मौनाला श्रद्धा म्हणतात. परंतु स्वतः बाबासाहेबांनी वाचकाकडून काय अपेक्षिले होते? अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. वाताहत झालेली माणसे, बौद्ध धम्मावरील निष्ठा आणि गोमांसभक्षण ह्यांच्या आधारे त्यांनी त्यात आपला सिद्धान्त मांडला आणि अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास ठरवला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट केले आहे की पुराव्याच्या तुटलेल्या कड्या जोडताना त्यांना अनुमानाचा आधार घ्यावा लागला, आपला निष्कर्ष अखेरचा शब्द असल्याचा त्यांचा दावा नाही, आणि टीकाकाराने तो पूर्वग्रह सोडून तपासावा. इतका मोठा संशोधक आपल्या अनुमानाला अनुमान म्हणतो. आपण मात्र त्या अनुमानाला बैठकीत वचन करून टाकतो. त्यात आदर कमी आणि आळस अधिक आहे.

१९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाची गोष्टही तीच आहे. त्याच्या आरंभी बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले: सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली, चार आर्यसत्ये मूळ शिकवणुकीत होती काय, आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म ह्यांचे काय, आणि भिक्षुसंघ निर्माण करण्यामागे हेतू कोणता. वाचकांनी पुढे येऊन ह्या प्रश्नांच्या उलगड्यात भर घालावी, ही अपेक्षाही तेथेच व्यक्त केली. ज्या ग्रंथाचे दारच प्रश्नांनी उघडते, त्याचे वाचन आपल्या विहारांत एकही प्रश्न न येता पार पडावे, ह्यासारखी विसंगती नाही. १९५९ साली 'महाबोधी' ह्या नियतकालिकात आलेल्या परीक्षणात हा ग्रंथ धोकादायक ठरवला गेला. त्या टीकेला संतापाने उत्तर देणे सोपे. बाबासाहेबांनी पारंपरिक सुत्तांतले काय घेतले, काय गाळले आणि का, हे जो वाचक पाने उघडून दाखवू शकेल, त्याचेच उत्तर टिकेल.

पहिल्याच प्रश्नाचे उदाहरण घेऊ. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांना पटण्याजोगी वाटली नाही. शाक्य आणि कोलीय ह्यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी परिव्रज्येचे कारण म्हणून मांडला. आता धर्मानंद कोसंबींचे 'बोधिसत्त्व' हे नाटक शेजारी ठेवा. ते त्यांच्या निधनानंतर १९४९ साली प्रसिद्ध झाले. त्यातही शाक्य-कोलीयांचा हाच तंटा मध्यवर्ती आहे. त्यापूर्वी १९४०-४१ साली आलेल्या 'भगवान बुद्ध' ह्या ग्रंथात कोसंबींनी सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे लक्ष वेधून गृहत्यागाचा नवा विचार केला होता. एक नाटक, एक चरित्रपर ग्रंथ, एक सुत्त आणि एक धम्मग्रंथ ह्या चार निराळ्या वाङ्मयप्रकारांत एकच घटना आहे. तीत साम्य कोठे, वेगळेपण कोठे, शस्त्र न उचलणाऱ्या तरुणाचे एकटेपण कोठे अधिक उतरले, संघाच्या बहुमताचा प्रश्न कोठे अधिक धारदार झाला, एवढे पाहायला वर्षावासातली एक सायंकाळही पुरणार नाही. पण त्या एका सायंकाळी श्रोता जे शिकेल, ते दहा गोषवाऱ्यांतून मिळणार नाही.

एका आक्षेपाविषयी

ह्यावर एक आक्षेप निघेल आणि तो अगदीच पोकळ नाही. आपला समाज अजून वाचायला लागतो आहे. ज्या आजीला अक्षर येत नाही, ती ग्रंथ कपाळाला लावते, ह्यात तिची पिढ्यान्पिढ्यांची भूक आहे. तेथे चिकित्सेची सुरी चालवली तर श्रद्धा दुखावेल, एकजूट ढिली होईल, आणि विरोधकांना आयते साहित्य मिळेल. त्या आजीपुढे माझीही मान लवते. मात्र तिने ग्रंथ कपाळाला लावला तो नातवंडांनी उघडून वाचावा म्हणून. नातवंडांनीही तो केवळ कपाळालाच लावला, तर तिची भूक भागली असे कसे म्हणावे? केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी सांगितले होते की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यासाठी काहीही स्वीकारू नये. ज्या धम्माचे एक लक्षणच 'एहिपस्सिको', म्हणजे या आणि पाहा, असे आहे, त्याला पाहणाऱ्याचे भय नाही. प्रश्नाने ढिली होते ती एकजूट मुळात सैलच असते.

सोपाऱ्याचा शिलाखंड येथे आठवतो. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजींच्या नजरेस आला. त्याच वर्षी त्यांनी तेथील बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन करून स्तूप उजेडात आणला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी मिळाला. आठव्या लेखात राजांच्या मृगयेच्या यात्रांऐवजी धम्मयात्रेचा, तर नवव्यात फोल मंगलविधींऐवजी दास-सेवकांशी नीट वागण्याच्या धम्ममंगलाचा विषय आहे. हे दोन्ही तुकडे एवढे तुटके आहेत की एकट्याने वाचता येत नाहीत. गिरनार, कालसी येथल्या प्रती शेजारी ठेवून विद्वानांनी त्यांतली गळलेली अक्षरे भरून काढली. दगडाचा तो तुकडा वंदनीय आहेच, परंतु त्याचा अर्थ हाती आला तो तुलनेने.

काय करता येईल

म्हणून आपल्या बैठकांच्या चालकांपुढे तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली, बोलणाऱ्याने दोन पुस्तके आणावीत आणि त्यांतले एक आपल्या नेहमीच्या आवडीबाहेरचे असावे. कायम आत्मकथने वाचणाऱ्याने एखादे सुत्त घ्यावे, कायम धम्मग्रंथ वाचणाऱ्याने एखादा कथासंग्रह उघडावा. दुसरी, गोषवारा पाच मिनिटांत आटोपून पुस्तकातील एक न पटलेली किंवा न उमगलेली जागा पानासह सांगावी आणि मग श्रोत्यांना तेवढाच वेळ द्यावा. त्यातही उपासिकांना आधी बोलू द्यावे, कारण त्यांचे मत बहुधा सतरंजी घडी करण्याच्या वेळेला उरते. तिसरी, विहारात एक वाचनवही ठेवावी. प्रत्येक पुस्तकाच्या नावाखाली वाचकाने चार ओळींत आपले मत लिहावे. तेच पुस्तक पुढे कोणी वाचले तर त्याने नवे पान न घेता पहिल्या मताच्या खालीच आपले मत नोंदवावे, मग ते सहमतीचे असो वा विरोधाचे.

अशी वही चंदनसारच्या एखाद्या विहारात दहा वर्षे चालली, तर ती उघडणाऱ्या मुलीला 'बलुतं'च्या नावाखाली आपल्या शेजारच्या काकांचे मत दिसेल, त्याच्याखाली आईचे निराळे मत दिसेल आणि त्याखाली तिच्यासाठी कोरी जागा असेल. येत्या वर्षावासासाठी वही आणायला आषाढ पौर्णिमेची वाट पाहण्याचीही गरज नाही.